मुंबईहून मालवणास : क्षयरोग्याचा प्रवास आणि उपचारातील खंड

१. विषयाचे स्वरूप

दीर्घकाळ चालणाऱ्या रोगांचा इतिहास सामान्यतः औषधांच्या शोधांचा आणि रुग्णालयांच्या स्थापनेचा इतिहास म्हणून लिहिला जातो. रुग्ण एका उपचारस्थानाकडून दुसऱ्याकडे जातो, त्या मधल्या अवधीत त्याच्या उपचाराचे काय होते, हा प्रश्न मात्र त्यात क्वचितच उपस्थित होतो. ज्या प्रदेशातील कर्ते पुरुष पिढ्यान् पिढ्या पोटासाठी दूरच्या शहरी राहिले आणि आजारी पडल्यावर घरी परतले, त्या प्रदेशाच्या बाबतीत हा प्रश्न गौण मानता येत नाही. दक्षिण कोकणची मालवण किनारपट्टी हा असा प्रदेश होय, आणि क्षय हा असा रोग होय. मालवणच्या क्षयरोग्याचा मुंबई ते गाव हा प्रवास कोणकोणत्या साधनांनी झाला, त्या साधनांनी काय वाहून नेले आणि काय मागे राहिले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक भेद आरंभीच स्पष्ट करणे इष्ट ठरेल. रोगी स्थलांतर करतो तेव्हा वस्तुतः तीन गोष्टींचे स्थलांतर व्हावे लागते: रोग्याच्या देहाचे, औषधाचे आणि आजवर झालेल्या उपचाराच्या वृत्तांताचे. यांपैकी एकाचीही गाठ सुटली तर उपचार खंडित होतो. कोकणच्या बाबतीत पहिल्या गोष्टीची सोय फार लवकर झाली. दुसरीची विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. तिसरीची सोय होण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. हा क्रमच या इतिहासाचा गाभा आहे.

२. आगबोट, हवापालट आणि मनीऑर्डर

मुंबईत कापडगिरण्या वाढू लागल्या तेव्हा त्यांना लागणारे मनुष्यबळ पुरविणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरी अग्रभागी होता. मालवण, देवगड आणि वेंगुर्ले हा किनारा त्या वेळी इंग्रजी अमलाखालील रत्नागिरी जिल्ह्यात मोडे. लगतचे कुडाळ व सावंतवाडी हे सावंतवाडी संस्थानात होते. आणि तेरेखोलच्या पलीकडे पोर्तुगिजांचे राज्य होते. एका दिवसाच्या चालीत तीन राज्यसत्ता लागत. कोणत्याही एका यंत्रणेने या प्रदेशातील रोग्यांची एकत्रित नोंद ठेवणे त्या काळी शक्यच नव्हते, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी.

गिरणीत काम करणारा मालवणी मनुष्य गिरणगावात गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत राही आणि खानावळीत जेवे. एका खोलीत अनेकांनी पाळीपाळीने झोपावे, हवा-उजेड बेताचाच असावा आणि गिरणीतील कापसाची धूळ छातीत जावी, अशी ही राहणी होती. क्षयाच्या जंतूला याहून अनुकूल परिस्थिती मिळणे कठीण. रॉबर्ट कॉख याने २४ मार्च १८८२ रोजी या जंतूचा शोध जाहीर केला खरा. परंतु पुढील साठ वर्षे त्यावर रामबाण औषध नव्हते. विश्रांती, पौष्टिक आहार आणि स्वच्छ हवा एवढाच उपाय वैद्य आणि डॉक्टर सांगत. सधनांसाठी पाचगणी व मिरज येथील आरोग्यधामे होती. गिरणीकामगाराच्या वाट्याला ‘हवापालट’ या शब्दाचा एकच अर्थ येई, आणि तो म्हणजे गाव.

भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट किनाऱ्यावरची बंदरे घेत मालवणास येई. बंदरात खडक असल्याने बोट दूर उभी राही आणि उतारूंना पडावात उतरवून किनाऱ्यास आणीत. खोकल्याने जर्जर झालेला मनुष्य अशा रीतीने घरी पोहोचे. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. तेव्हा ज्याला ज्येष्ठात रक्ताची गुळणी आली त्याला भाद्रपदापर्यंत थांबावे लागे, अथवा घाटमार्गाने लांबचा व खर्चाचा प्रवास करावा लागे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला, तेव्हा शहर सोडणाऱ्या उतारूंची तपासणी करण्याचे व्यापक अधिकार १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला मिळाले. प्लेगचा रोगी अशा रीतीने सरकारच्या नजरेत आला. क्षयरोगी मात्र त्याच धक्क्यावरून त्याच बोटीत चढत होता आणि त्याची विचारपूस करण्याचे कोणास कारण नव्हते. जी साथ आठवड्यांत माणसे मारते तिची नोंद झाली. जी वर्षानुवर्षे मारते तिची झाली नाही.

या परतीचा दुसरा परिणाम गावावर झाला. आर्थर लँकेस्टर याने हिंदुस्थानातील क्षयासंबंधी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शहरातून परतणाऱ्या रोग्यांबरोबर हा रोग खेड्यांत पसरतो, याकडे लक्ष वेधले होते. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी हिंदी कामगारांच्या स्थितीचा तपास करणाऱ्या शाही आयोगाने, म्हणजेच व्हिटले आयोगाने, गाव हा कामगाराचा आजारपणातील व बेकारीतील आसरा आहे, असे मत नोंदविले. ही दोन्ही निरीक्षणे एकत्र वाचली असता त्यांतील विसंगती उघड होते. ज्या आसऱ्यामुळे कामगार जगत होता, त्या आसऱ्यासच तो नकळत रोग देत होता. आणि भांडवलाने टाकलेला शुश्रूषेचा भार मालवणच्या घरातील आई, पत्नी आणि सुना उचलीत होत्या.

टपालखात्याने १८८० मध्ये मनीऑर्डरची व्यवस्था हाती घेतली आणि कोकणचा संसार तिच्यावर चालू लागला. मनीऑर्डरच्या कुपनावर दोन ओळी लिहावयास जागा असे. घरच्यांना प्रकृतीची बातमी कळे ती बहुधा या दोन ओळींतून अथवा पोस्टकार्डातून. पैशाची पोच सहीनिशी परत पाठविण्याची व्यवस्था या यंत्रणेत होती. रकमेची जबाबदारी कोणावर आहे हे प्रत्येक टप्प्यावर ठरलेले असे. रुपयाच्या प्रवासाला जी काटेकोर पावती लाभली, ती रोग्याच्या प्रवासाला लाभण्यास सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

३. आरोग्यधामाकडून घराकडे

किनाऱ्यावर आधुनिक वैद्यकाची सोय अगदीच नव्हती असे नव्हे. वेंगुर्ले येथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे सेंट ल्यूक्स रुग्णालय होते आणि डॉ. गोहीन यांचे नाव त्या कार्याशी जोडलेले आहे. याच मिशनचे डॉ. वानलेस यांनी मिरज येथे १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले होते. घाट ओलांडून तेथे जाणारे कोकणी रोगीही असत. परंतु देशातील एकंदर परिस्थिती किती बिकट होती हे भोर समितीच्या १९४६ च्या अहवालावरून दिसून येते. समितीच्या अंदाजानुसार देशात सुमारे २५ लक्ष क्षयरोगी होते, दरवर्षी सुमारे ५ लक्ष मृत्यू होत, आणि खाटा मात्र सुमारे ६ हजार होत्या. खाट मिळणे हा अपवाद होता. घरी राहणे हाच नियम होता.

स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मधील. आयसोनायझिड हे औषध १९५२ मध्ये उपयोगात आले. औषध मिळाले, पण ते वर्ष-दीड वर्ष रोज घ्यावयाचे होते. तेवढा काळ रोग्याला ठेवावयाचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर मद्रास येथे मिळाले. १९५६ मध्ये तेथे भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिल यांच्या सहकार्याने क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. गरीब वस्तीतील रोग्यांचे चिठ्ठ्या टाकावयाच्या पद्धतीने दोन गट पाडून एकास आरोग्यधामात व दुसऱ्यास घरी तीच औषधे एक वर्ष देण्यात आली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांतील फलित जवळजवळ सारखे निघाले, आणि घरी राहिलेल्या रोग्यांच्या कुटुंबीयांस रोगाचा धोका त्यामुळे वाढला असेही आढळले नाही.

या प्रयोगाचे महत्त्व जगन्मान्य आहे. तथापि त्याचा एक अर्थ कोकणच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो. उपचार आरोग्यधामाच्या भिंतीतून बाहेर पडला, तेव्हा तो रोग्याच्या घरात आला. पण ज्याला दोन घरे आहेत, एक परळच्या चाळीतील खोली व दुसरे मसुऱ्याचे वा आचऱ्याचे कौलारू घर, त्याच्या कोणत्या घरात? मद्रासच्या प्रयोगातील रोगी एका शहरातील होते आणि तेथेच राहिले. मुंबईच्या कोकणी रोग्याचे तसे नव्हते. गणेशचतुर्थी, शिमगा, आंगणेवाडीची जत्रा, मे महिना आणि लावणीचे दिवस या सर्व प्रसंगी त्याची पावले गावाकडे वळत. आणि आजार वाढला की तो कायमचाच परते.

४. जिल्ह्याचे केंद्र आणि कार्ड

१९५५ ते १९५८ या काळात झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने क्षय हा केवळ शहरांचा रोग नसून खेड्यांतही त्याचे प्रमाण तुलनीय आहे, हे सिद्ध केले. बंगलोर येथे १९५९ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली आणि १९६२ पासून राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम अमलात येऊ लागला. जिल्हा हे या कार्यक्रमाचे एकक होते. जिल्ह्यास एक क्षयरोग केंद्र असावे, त्याने थुंकीची व क्ष-किरणांची तपासणी करावी, प्रत्येक रोग्याचे कार्ड ठेवावे, आणि औषध नेण्यास न आलेल्या रोग्यास पत्र पाठवून वा घरी जाऊन परत आणावे, अशी ही योजना होती.

मालवण त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यातच होते. १९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान विलीन झाल्यावर हा जिल्हा दक्षिणोत्तर फारच लांबला होता. सिंधुदुर्ग जिल्ह्याची निर्मिती १ मे १९८१ रोजी झाली आणि त्यानंतरच या किनाऱ्याला जवळचे जिल्हास्थान लाभले. परंतु जिल्हा या एककाची खरी मर्यादा अंतराची नव्हती. कार्ड केंद्राचे असे, रोग्याचे नसे. रोगी मुंबईत नोंदला गेला की त्याचे कार्ड मुंबईत राही. तो गावी गेल्यावर ते कार्ड ‘उपचार सोडलेला’ या सदरात जाई. गावच्या केंद्रात तो पुन्हा ‘नवा रोगी’ म्हणून येई. पूर्वी कोणते औषध घेतले, किती महिने घेतले आणि का सोडले, हे सांगावयास त्याच्याजवळ बहुधा स्मरणाखेरीज काही नसे. औषध अर्धवट घेतलेल्या रोग्यास नवा समजून तेच उपचार देणे म्हणजे जंतूस त्या औषधाची सवय करून देणेच होय.

कामगार राज्य विमा अधिनियम १९४८ मध्ये झाला आणि मुंबईत योजना १९५४ मध्ये सुरू झाली. विमा असलेल्या कामगारास आजारपणात आर्थिक लाभ मिळण्याची सोय झाली, ही मोठीच प्रगती होती. मात्र लाभ वैद्यकीय प्रमाणपत्रावर अवलंबून होता आणि ते देणारा डॉक्टर मुंबईत होता. रोग्यापुढे शुश्रूषा व भत्ता यांतून निवड करण्याचा प्रसंग येई. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणीसंपात सुमारे अडीच लक्ष कामगार उतरले आणि गिरणगावाचा कणा मोडला. त्या वर्षांत गावाकडे परतलेल्या माणसांबरोबर नोकरी, विमा आणि डॉक्टर या तिन्ही गोष्टींचा संबंध एकदमच तुटला.

१९९२ मध्ये भारत सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि स्वीडनची विकाससंस्था यांनी मिळून कार्यक्रमाचे परीक्षण केले, तेव्हा उपचार पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण अत्यंत असमाधानकारक असल्याचे दिसून आले.

५. पेटी, पत्ता आणि स्थलांतरपत्र

सुधारित कार्यक्रमाचा प्रायोगिक आरंभ १९९३ मध्ये, विस्तार १९९७ पासून आणि संपूर्ण देशात व्याप्ती मार्च २००६ मध्ये झाली. रिफाम्पिसिनमुळे उपचाराचा काळ सहा महिन्यांवर आला होता. प्रत्येक रोग्याच्या नावाची औषधपेटी तयार करावी, तिच्यात त्याचा संपूर्ण उपचार असावा, आणि औषध कोणाच्या तरी प्रत्यक्ष देखरेखीखाली द्यावे, ही या पद्धतीची वैशिष्ट्ये होत. पेटीमुळे औषध मध्येच संपण्याचे भय गेले. पण पेटी देखरेख करणाऱ्याकडे राही आणि रोगी कोकण रेल्वेत बसे. १९९८ मध्ये या रेल्वेवर सर्वत्र वाहतूक सुरू झाल्यापासून मुंबईहून कुडाळ वा कणकवली एका रात्रीच्या अंतरावर आले होते. देहाचा प्रवास जितका सुलभ झाला तितका उपचार खंडित होण्याचा संभवही वाढला.

उपचार सुरू करण्यापूर्वी रोग्याचा पत्ता प्रत्यक्ष जाऊन पडताळावा, असा नियम होता. हेतू योग्यच होता. परंतु ‘पत्ता’ एकच असतो हे त्यामागील गृहीत चाकरमान्याला लागू पडत नव्हते. मुंबईतील खोली तात्पुरती आणि गावचे घर कायमचे, अशी त्याची स्वतःची समजूत. कार्यालयाची समजूत नेमकी उलट.

रोगी दुसरीकडे जाणार असल्यास स्थलांतरपत्र देण्याची पद्धत या कार्यक्रमात होती. त्यात निदान, उपचाराचा वर्ग, घेतलेल्या मात्रा इत्यादी माहिती असे आणि रोगी पोहोचल्याची पोच नव्या केंद्राने परत पाठवावी अशी अपेक्षा असे. कल्पना मनीऑर्डरच्या पोचपावतीसारखीच होती. भेद एवढाच की पत्र बहुधा रोग्याच्याच हाती दिले जाई आणि पोच न आल्यास कोणास जाब विचारावयाचा, हे निश्चित नव्हते. याचा पुरावा कार्यक्रमाच्या परिभाषेतच मिळतो. जागतिक व्याख्येनुसार ‘स्थलांतरित’ या सदरात ज्याच्या उपचाराचे फलित अज्ञात आहे असाच रोगी मोजला जाई. म्हणजे जो गावी गेला, त्याचे पुढे काय झाले हे न कळणे हीच त्याच्या नोंदीची अखेर होती. २०१३ मधील सुधारित व्याख्यांत हे सदर ‘मूल्यमापन न झालेले’ या वर्गात समाविष्ट करण्यात आले. नाव बदलले, पोकळी तीच राहिली.

या पोकळीची किंमत मुंबईतच प्रथम उघड झाली. डिसेंबर २०११ मध्ये हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलेल्या सर्व औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे रोगी आढळल्याचे प्रसिद्ध केले. ‘संपूर्ण प्रतिकारी’ या संज्ञेविषयी मतभेद झाले. परंतु अपुरे, चुकीचे आणि खंडित उपचार हे प्रतिकाराचे मुख्य कारण आहे याविषयी झाले नाहीत.

६. निक्षय : पावतीचे पुनरागमन

मे २०१२ मध्ये प्रत्येक क्षयरोग्याची सूचना सरकारला देणे खासगी वैद्यांसह सर्वांवर बंधनकारक झाले आणि जूनमध्ये ‘निक्षय’ ही संगणकीय नोंदपद्धती सुरू झाली. या पद्धतीत रोग्याला स्वतःचा क्रमांक मिळतो आणि तो क्रमांक देशात कोठेही त्याचाच राहतो. मुंबईतील केंद्राने रोगी मालवणकडे वर्ग केला की त्याची नोंद मालवणच्या केंद्रापुढे उभी राहते आणि तेथील कर्मचाऱ्याने ती स्वीकारावयाची असते. कार्ड केंद्राचे न राहता रोग्याचे झाले, हा यातील मूलभूत फरक होय.

एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेखाली उपचारकाळात दरमहा ५०० रुपये रोग्याच्या बँकखात्यात जमा होऊ लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. रोगी कोठे आहे यावर हा लाभ अवलंबून नाही. एके काळी मुंबईची मनीऑर्डर गावास पोसत होती. येथे रोग्याच्या आहाराची रक्कम त्याच्या मागोमाग गावी येते. निदानाच्या बाबतीतही अंतर कमी झाले. शेजारच्या गोव्यातील मॉलबायो या कंपनीने विकसित केलेल्या ‘ट्रुनॅट’ या छोट्या यंत्रास जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मान्यता दिली. क्षयाचा जंतू आणि त्याचा रिफाम्पिसिनविरोधी प्रतिकार यांचे निदान त्यामुळे तालुक्याच्या पातळीवर करता येते.

तथापि यंत्राच्या साक्षीवर पूर्ण विसंबणे धोक्याचे आहे. औषधाच्या वेष्टनाखाली दडविलेला दूरध्वनी क्रमांक गोळी काढल्यावर दिसावा आणि रोग्याने त्यावर विनामूल्य हाक द्यावी, अशी ‘९९ डॉट्स’ नावाची युक्ती गेल्या दशकात योजण्यात आली. चेन्नई, वेल्लोर व मुंबई येथील रोग्यांच्या लघवीत औषधाचा अंश तपासून केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही हाक आणि प्रत्यक्ष औषधसेवन यांचा मेळ अपेक्षेइतका बसला नाही. गोळी घेऊनही हाक न देणारे होते आणि हाक देऊनही गोळी न घेणारे होते.

त्याच वर्षी या व्यवस्थेची मोठी कसोटी लागली. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर मुंबईतून कोकणात माणसे परतू लागली. १८९६ प्रमाणेच या वेळीही उतारूंची तपासणी झाली, विलगीकरण झाले, आणि या वेळीही जुना रोग नव्या साथीच्या मागे झाकला गेला. देशातील क्षयरोग्यांची नोंद २०१९ मधील सुमारे २४ लक्षांवरून २०२० मध्ये सुमारे १८ लक्षांवर आली. रोग कमी झाला नव्हता. नोंदच कमी झाली होती. क्रमांक मिळालेल्या रोग्याचा शोध घेणे शक्य होते. ज्याला निदानापूर्वीच शहर सोडावे लागले, त्याच्यासाठी कोणतीही नोंदपद्धती उपयोगी नव्हती.

७. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, वाहतुकीची साधने सुधारल्याने उपचाराचे सातत्य आपोआप साधत नाही. आगबोटीने व रेल्वेने रोग्यास वेगाने घरी नेले, आणि त्याच वेगाने उपचारापासून दूरही नेले. दुसरा असा की, नोंदीचे साधन कागदाचे की विजेचे, यापेक्षा त्या नोंदीचा स्वीकार करण्यास कोण बांधलेला आहे हे अधिक महत्त्वाचे. स्थलांतरपत्रात माहिती पुरेशी होती. उणीव होती ती पोचेच्या उत्तरदायित्वाची. निक्षयमध्येही नोंद वर्ग करून ती कोणी वेळेवर स्वीकारली नाही, तर जुनीच पोकळी नव्या पडद्यावर दिसेल.

तिसरा निष्कर्ष समाजविषयक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,४९,६५१ असून दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया आहेत. पुरुषांच्या स्थलांतराची छाया या आकड्यात स्पष्ट दिसते. परतलेल्या रोग्याची सेवा कोण करते, याचे उत्तरही त्यात आहे. आरोग्यधामांच्या काळात, कार्डांच्या काळात आणि क्रमांकांच्या काळातही सकाळी गोळी हातावर ठेवणारी व्यक्ती बहुधा घरातील स्त्रीच राहिली. गावातील आशा स्वयंसेविका तिच्या मदतीस आली ती अलीकडे. दीडशे वर्षांच्या या इतिहासात यंत्रणेच्या रकान्यांत घरातील या परिचारिकेचे नाव क्वचितच आले. रोग्याचा वृत्तांत आता त्याच्याबरोबर गावी पोहोचू लागला आहे. तो तेथे कोणाच्या हाती द्यावयाचा, याचा विचार करताना या स्त्रीस वगळून चालणार नाही.